नाकाच्या मापापासून आप्तभाव चाचणीपर्यंत

1901 च्या जनगणनेची सूत्रं हर्बर्ट रिस्ले या आयसीएस अधिकाऱ्याकडे आली, तेव्हा त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली होती. माणसाचं नाक मोजलं की त्याची जात कळते. नाकाच्या रुंदीला लांबीने भागायचं, शंभराने गुणायचं. आकडा जितका लहान तितकं नाक धारदार आणि जात वरची. बंगालमध्ये 1891 साली त्याने ही मापं छापलीही होती. मग साऱ्या हिंदुस्थानाचे त्याने वंशानुसार खाने पाडले. मराठी मुलखाच्या वाट्याला ‘सिथो-द्रविड’ हा खाना आला. त्यात मराठी ब्राह्मण आणि कुणबी शेजारी शेजारी! जातीची उतरंड नाकावरून सिद्ध करायला निघालेल्या माणसाने उतरंडीच्या दोन पायऱ्या एकाच खान्यात घातल्या, आणि त्यात त्याला काही खटकलं नाही.

रिस्लेचं नाव आज अभ्यासकांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, पण त्याची सवय मात्र टिकून आहे. कल्याणहून कर्जत लोकलमध्ये बसलं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही चार स्टेशनं ओळीने लागतात. या पट्ट्यात फाळणीत आलेले सिंधी आहेत, मूळचे आगरी आहेत, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत देशभरातून आलेली कुटुंबं आहेत, आणि बदलापूरच्या पलीकडे डोंगरालगत ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. चेहरा बघून ‘हा कुठला’ हे ओळखण्याचा दावा करणारे इथे डब्याडब्यात भेटतात.

शरीरावरून माणूस ओळखण्याच्या या दाव्याला मोठा धक्का दिला तो मराठी माणसांनीच. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशशास्त्रातलं बडं प्रस्थ. 1933 मध्ये, नाझी राजवटीत, ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक युरोपियनांत वेगळा असतो आणि त्याचा संबंध बुद्धीच्या श्रेष्ठत्वाशी आहे, अशी त्यांची अटकळ. बाईंनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले, आणि वंशावंशांत तसा काही फरक दिसत नाही असं गुरूच्या तोंडावर सांगितलं. पुढे डेक्कन कॉलेजात आल्यावर त्यांनी माप घेणं सोडलं नाही, हेही सांगायला हवं. महाराष्ट्रभर हिंडून त्या माणसं मोजत राहिल्या. पण त्या मोजणीतून निघालं काय, तर ‘ब्राह्मण’ या एका नावाखाली येणाऱ्या पोटजातीसुद्धा शरीराने एकसारख्या नाहीत.

मालवणचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी 1932 च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात रिस्लेचेच आकडे तपासले. उत्तर हिंदुस्थानाचा काही भाग सोडला तर नाक आणि जातीची पायरी यांचा मेळ बसत नाही, असं त्यांना दिसलं. डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये ‘जातिनिर्मूलना’च्या छापील भाषणात पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे असल्याचं मांडलं होतंच. 1948 च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी घुर्यांची मापं पुढ्यात ठेवून सांगितलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वांशिक भेद नाही. मोजपट्टी ज्यांनी आणली त्यांच्याच मोजपट्टीने त्यांचा निकाल लावला. वंशश्रेष्ठत्व नाकारणारं युनेस्कोचं निवेदन त्यानंतर दोन वर्षांनी, 1950 मध्ये आलं.

याच सुमारास कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांचे लोंढे उतरत होते. महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बरॅकींत कुटुंबं कोंबली गेली. मधे पडदे नाहीतर गोणपाटं टांगून खोल्या केल्या. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या ‘कल्याण कॅम्प’चं उल्हासनगर झालं. तरी पत्ता सांगताना आजही लोक कॅम्प नंबर आणि बरॅक नंबरच सांगतात.

सिंधमध्ये ही सगळी माणसं स्वतःला नुसतं ‘सिंधी’ म्हणवत नव्हती. सरकारी नोकरीतले आमिल वेगळे, व्यापारी भाईबंद वेगळे, शिकारपुरी वेगळे; नानकपंथी टिकाण्याला, म्हणजे प्रार्थनास्थळाला, जाणारे होते, झूलेलालाला मानणारे होते. मुलगी द्यायची झाली तर हे फरक काटेकोर पाळले जात. कॅम्पात रांग एकच, रेशनचं कार्ड एकाच तऱ्हेचं, आणि स्टेशनाबाहेरच्या मराठी माणसाच्या लेखी सगळे एकच. दहा-वीस वर्षांत एक ‘जात’ उभी राहिली. तिला स्वभावही चिकटवला गेला: पक्का व्यापारी, नकला करण्यात पटाईत. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद महाराष्ट्रात कुणी ऐकला नाही असं होणार नाही. ज्यांची जमीन, घर, दुकान सगळं सीमेपलीकडे राहिलं त्यांनी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकून धंदा उभा केला, तर ती गरज होती. लोकांनी ते रक्तातलं ठरवलं. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर बार्नो यांनी सिंधी निर्वासितांवर लेख लिहिला तो 1966 मध्ये ‘फायलॉन’ या नियतकालिकात छापून आला. हे नियतकालिक डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी कृष्णवर्णीयांच्या प्रश्नासाठी काढलेलं. जागा अगदी योग्य होती.

‘मग थॅलेसेमिया का सिंध्यांत जास्त?’ हा प्रश्न इथे हमखास येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. उल्हासनगरात या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीची शिबिरं भरतात ती उगाच नाही. देशाच्या सरासरीपेक्षा सिंधी समाजात वाहक बरेच जास्त आहेत. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आजाराचं तीव्र रूप, होण्याची शक्यता 25 टक्के. मग त्या पोराला दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं आलं. पण सिंध्यांत आढळणारा जनुकातला दोष गुजरातच्या लोहाणांतही आहे, आणि दुसऱ्या दोषांमुळे होणारा हाच आजार सायप्रस आणि इटलीत आहे. जिथे मलेरिया शतकानुशतकं मुक्काम ठोकून होता तिथे वाहक तगले. त्यावर जातीतल्या जातीत लग्नं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आणि अमेरिकेतले त्यांचे सहकारी यांनी 2013 मध्ये दाखवलं की सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीपर्यंत या देशात सर्रास सरमिसळ होत होती, त्यानंतर ती आटली. म्हणजे समाजाने घातलेलं कुंपण शरीरात उमटलं आहे. कुंपण शरीराने घातलेलं नाही. रिस्लेने नेमकी हीच गोष्ट उलटी वाचली होती.

बदलापूरकडच्या वाड्यांची कथा अजून सुरू आहे. 1882 च्या ठाणे गॅझेटिअरने कातकऱ्यांचा रंग आणि अंगकाठी नोंदवून ठेवली. स्वतंत्र भारताने 1965 च्या लोकूर समितीच्या वेळी अनुसूचित जमातीचे निकष ठरवले, त्यांत नाक-डोळे नव्हते. वेगळी संस्कृती, दुर्गमता, मागासलेपण अशा गोष्टी होत्या. पण 1994 च्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जात पडताळणीची पद्धत घालून दिली, आणि दक्षता पथकाने मानववंशशास्त्रीय लक्षणं, देवदेवता, लग्न-मर्तिकाच्या रीती तपासाव्यात असं सांगितलं. हीच आप्तभाव चाचणी. बदलापूरच्या इमारतीत वाढलेल्या ठाकूर पोराला कुलदैवत कुठलं, लग्नात काय करतात, असं विचारायचं आणि उत्तर अडखळलं की दावा संशयास्पद! वडिलांची चाकरी फॅक्टरीत, पोराचं शिक्षण शहरात. वाडीवरच्या रीती त्याला तोंडपाठ असतील कशा?

24 मार्च 2023 रोजी महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला: आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी मानता येणार नाही, ती इतर पुराव्यांसोबतचा केवळ एक भाग आहे. चाचणी रद्द झालेली नाही. ज्यांचे दावे केवळ या चाचणीवर अडले आहेत त्यांनी हा निकाल आणि आजोबा-पणजोबांच्या शाळेचे, महसुलाचे जुने दाखले जोडूनच जात पडताळणी समितीपुढे उभं राहावं.