फोर व्हील ड्राइव्ह अन् आपली पांदण

दर्यापूरकडच्या पांदणीत परवा नवीकोरी फोर बाय फोर फसलेली पाहिली. चारही चाकं जागेवरच गरगरत होती.

कारण टायर. आपली काळी माती भिजली की फुगते, चिकटते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर जास्तच. साध्या टायरच्या बारीक खाचा गाऱ्यानं लगेच बुजतात अन् टायर गुळगुळीत होतो. मड टायरच्या खाचा रुंद असतात, फिरताना गारा बाहेर फेकला जातो. ट्रॅक्टरचं मागचं चाक बघा, तेच तत्त्व.

फोर व्हील ड्राइव्ह ताकद चारही चाकांना देते, पकड मात्र टायरचीच. ब्रेक तर प्रत्येक कारच्या चारही चाकांना असतात. त्यामुळे चिखलदऱ्याच्या ओल्या घाटात गाडी निव्वळ फोर बाय फोर आहे म्हणून लवकर थांबत नाही. कृपया हे लक्षात ठेवा!

फसलात तर रेस देऊ नका, चाक आणखी रुततं. हवा थोडी कमी करा, डांबरी लागली की भरा.

काही शंका असेल तर टायरचा फोटो टाका, सांगतो.