मधला माणूस

“सर, तो पळतच नाही, त्याला कशाला खेळवायलाय?” मध्यंतराला मुलांनी तक्रार केली आणि मी त्यांचं ऐकलं. नोकरी सांभाळून एम.ए. करणारा, संघात वयाने सर्वांत थोर असलेला मिडफिल्डर मी बाहेर बसवला आणि दमदार पळणारा पोरगा आत घातला. तेव्हा आम्ही एक-शून्यने पुढे होतो. सामना दोन-एकने हरलो. तो काही बोलला नाही. बूट पिशवीत घालून निघून गेला.

रात्री मला झोप लागेना. नवा पोरगा बॉल दिसेल तिकडे धावत होता. तो पुढे गेला की बचावफळीसमोर अंगणाएवढी जागा मोकळी पडायची. दोन्ही गोल तिथूनच झाले. थोरला पळत नव्हता, कारण पास कुठे येणार हे हेरून तो आधीच तिथे उभा असायचा. तो मागे आहे या भरवशावर आमचे दोन्ही बॅक बिनधास्त पुढे जायचे. एका माणसाच्या उभं राहण्यावर सगळ्या संघाची चाल ठरत होती!

चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथल्या क्लायमॅक्स लॉरेन्सचा खेळ आठवा. आर्मांदो कुलासो यांच्या डेंपो संघात तो बचावफळीच्या पुढ्यात ठाण मांडायचा. म्हणून ब्राझीलच्या बेटोला मोकळेपणी खेळ रचता यायचा आणि रँटी मार्टिन्सला गोल करता यायचे. २००७-०८ ची पहिलीच आय-लीग डेंपोने जिंकली, २००९-१० चीही.

पण मागे थांबणाऱ्याला पुढे कधी जायचं हेही कळावं लागतं. २००८ च्या एएफसी चॅलेंज कपमध्ये हैदराबादला अफगाणिस्तानविरुद्ध गोल होईना. भरपाई वेळेत लॉरेन्सनेच गोल केला. पुढे दिल्लीच्या अंतिम सामन्यात भारताने ताजिकिस्तानला ४-१ हरवलं आणि १९८४ नंतर प्रथमच, २०११ च्या आशिया चषकात प्रवेश मिळवला. अंतिम सामन्यातले छेत्रीचे तीन गोल सर्वांना आठवतात. हैदराबादचा तो एक गोल किती जणांना आठवतो?

आपल्या दोन भाषांच्या घरांतही असा एक मधला माणूस असतोच. आमच्याकडे ती थोरली आत्या. माहेर मराठी, सासर कानडी. लग्नकार्यात ती कुठे धावपळ करताना दिसत नाही. पण मानपानावरून तंटा पेटायच्या आधी नेमकी तिथे बसलेली असते. ती एकदा आजारी पडली, तेव्हा तिची जागा आम्हाला कळली.

दुसऱ्या दिवशी मी त्या थोरल्याला गाठलं आणि “चुकलं माझं” म्हणालो. तो हसला. पुढच्या सामन्यात तो पहिल्या मिनिटापासून खेळला. आणि मैदानातून हाक ऐकू आली, ती तक्रार करणाऱ्या पोराचीच होती : “अण्णा, नडुव निल्री!” अण्णा, मधेच थांबा!