सायकल उभी, बॅटरी मात्र झिजतेय

रेडीहून शिरोड्याच्या बाजारात किंवा तेरेखोलच्या किल्ल्यापर्यंत जाऊन यायला इलेक्ट्रिक सायकल मोठी सोयीची. मोटर 250 वॉटपर्यंतची आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी नको, लायसन नको. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 360 वॉट-तास. रिकामी झालेली अशी बॅटरी पूर्ण भरायला, चार्जर गरम होण्यात जाते ती वीज धरूनही, साधारण अर्धं युनिट पुरतं. म्हणजे विजेच्या बिलाची चिंता नाही. महाग असते ती बॅटरी. आणि तिचं आयुष्य घटतं त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आपुलकीच्या सल्ल्यांचा हात मोठा.

हे सल्ले खोटे नसतात, दुसऱ्याच बॅटरीचे असतात. ‘पुरी उतारल्याशिवाय चार्जिंगाक लावू नको’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. ती बॅटरी अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा भरली की तिची क्षमता घटल्यासारखी व्हायची. 1991 मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीला हा दोष नाही. उलट ती दर वेळी तळापर्यंत उतरवली तर लवकर थकते. ‘दोनदा लावली म्हणजे दोन चार्ज खर्ची पडले’ हेही खरं नाही. अर्धी-अर्धी दोनदा भरली तर हिशेबात एकच पूर्ण फेरा धरतात. तेव्हा चाळीस टक्क्यांवर आल्यावर लावली, कामापुरती भरली आणि निघालात, तर त्यात काही चुकत नाही.

दुसरा सल्ला इन्व्हर्टरवरून आलेला: बॅटरी सदा भरलेली असावी. इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीला ते लागूच आहे, कारण अर्धवट उतरलेल्या अवस्थेत राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात. लिथियमचं नेमकं उलटं. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब, म्हणजे साधारण 4.2 व्होल्ट, आतल्या द्रवाला सोसवत नाही आणि तो हळूहळू बिघडत जातो. शिवाय ग्राफाइटच्या कणांवर एक पातळ थर जाड होत राहतो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. उष्णता या दोन्ही गोष्टींचा वेग वाढवते. ढोबळ हिशेब असा, की दर दहा अंशांमागे झीज जवळजवळ दुप्पट होते.

आता हे कोकणातल्या बंद घराला लावून बघा. चाकरमानी चतुर्थीला येतो, सायकल मनसोक्त फिरवतो आणि मुंबईला परतताना ‘पुढच्या खेपेला तयार असू दे’ म्हणून बॅटरी शंभर टक्के भरून पत्र्याच्या पडवीत ठेवतो. शिमग्याला उघडतो तेव्हा ती पूर्वीइतकं अंतर काढत नाही. एक किलोमीटरही न चालवता बॅटरी म्हातारी झालेली असते. माझ्या मते आपल्या किनाऱ्यावर बॅटऱ्या वापरून जितक्या झिजत नाहीत, तितक्या अशा पडून झिजतात. पावसाळ्यात गावातल्या माणसांची सायकलही महिनोन्महिने उभीच असते, त्यामुळे हे फक्त चाकरमान्यांचं दुखणं नव्हे.

रिकामी ठेवून गेलात तर आणखी वाईट. आतलं नियंत्रक सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, ते स्वतः थोडी वीज खात असतं. दहा टक्के उरलेली बॅटरी काही महिन्यांत इतकी खाली जाते की सेलमधलं तांबं विरघळू लागतं. पुन्हा भरताना तेच तांबं नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. अशा बंद पडलेल्या बॅटरीला बाहेरून थेट वीज देऊन ‘जिवंत’ करून देणारे कारागीर भेटतात. तसं करून घेऊ नका. ती चालू लागेल, पण भरवशाची राहणार नाही. घर बंद करताना बॅटरी चाळीस ते साठ टक्क्यांवर ठेवा, सायकलवरून काढा, पत्र्याखाली न ठेवता घरातल्या थंड, कोरड्या खोलीत ठेवा. किल्ली शेजाऱ्याकडे असेल तर दोन महिन्यांनी एकदा दिवे बघून थोडी भरायला सांगा. परत आल्यावर मात्र एकदा पूर्ण भरा, म्हणजे बीएमएसला सगळे सेल एका पातळीवर आणता येतात. सेल लिथियमच्याच लोह-फॉस्फेट प्रकारातले असतील तर अधूनमधून पूर्ण भरणं आवश्यकच असतं, नाहीतर टक्केवारी भलतीच दिसू लागते.

थंडीचा बाऊ रेडीत करू नये. शून्याखाली चार्ज करू नये, ही सूचना हिमाचलला ठीक. आपल्याकडे सांभाळायचं ते ऊन. दुपारी घाटी चढून आल्याबरोबर तापलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका, अर्धा तास जाऊ द्या.

‘वॉटरप्रूफ आहे, काही होत नाही’ हा समज इथे सर्वांत महाग पडतो. बॅटरीवर लिहिलेलं आयपीएक्स4 म्हणजे शिंतोड्यांपुरतं संरक्षण. आयपी67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि तेही चाचणीच्या स्वच्छ, गोड्या पाण्यात. रेडीची हवा खारी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, पलीकडे शिरोड्याची मिठागरं. हवेतला दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच पाणी ओढतं, आणि पावसाळ्यात तो सहसा त्याहून जास्तच असतो. म्हणून पाऊस न लागताही बॅटरीच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर धरतो. इथल्या खाणीची तांबडी धूळ त्यात बसली की संपर्क सैल होतो, तिथे उष्णता धरते आणि प्लग वितळतो. बॅटरी काढून पिना कोरड्या फडक्याने पुसाव्यात, दुकानात मिळणारं संपर्काचं ग्रीस बोटाच्या टोकाएवढं लावावं. सायकल पाइपच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नये.

भरतीच्या पाण्यात बॅटरी बुडाली, तर तांदळात ठेवून वाळवण्याचा उद्योग करू नका. पाणी उडून जातं, मीठ आतच राहतं. 2012 मध्ये अमेरिकेत सँडी वादळाच्या वेळी नेवार्क बंदरात उभ्या असलेल्या सोळा फिस्कर कर्मा गाड्या खाऱ्या पाण्याने जळाल्या, आणि 2022 च्या इयन वादळानंतर फ्लोरिडात बुडालेल्या काही गाड्यांनी पाणी ओसरल्यावर पेट घेतला. अशी बॅटरी चार्ज करायची नाही. घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवायची आणि विक्रेत्याला कळवायचं.

चार्जरचा घोळ तर हमखास. ‘दोन्हींवर 48 व्होल्ट लिहिलंय, पिन बसते, मग काय?’ 48 व्होल्टच्या नेहमीच्या लिथियम बॅटरीत तेरा सेल एका ओळीत असतात आणि तिला 54.6 व्होल्टचा चार्जर लागतो. त्याच नावाच्या सोळा सेलच्या लोह-फॉस्फेट बॅटरीचा चार्जर 58.4 व्होल्ट देतो, शिशाच्या बॅटरीचाही साधारण तितकेच देतो. तो तेरा सेलच्या बॅटरीला लावला की प्रत्येक सेलवर जवळपास साडेचार व्होल्ट येतात. बीएमएसने रोखलं तर वाचलात. चार्जरवरचा ‘आउटपुट’ आकडा वाचल्याशिवाय उसना चार्जर लावू नका.

लाइट जाते-येते म्हणून बॅटरी खराब होते, हे मात्र खरं नाही. वीज गेली की चार्जिंग थांबतं, एवढंच. धोका असतो तो मे महिन्यातल्या वळवाच्या विजांचा. गडगडू लागलं की चार्जर भिंतीतून काढा.

शेवटी बॅटरी संपतेच. मूळ अंतराच्या निम्म्यावर आली की ती बदला, आणि जुनी भंगारवाल्याला देऊ नका. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे द्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या.