घरातलं नेट (भाग ६) : गेमिंग राउटर घेण्याआधी

मागच्या भागात फायबरची तार घराच्या भिंतीपर्यंत आणली होती. आज भिंतीच्या आतलं बघू. कारण पंधरा दिवसांत तिघांनी एकच विचारलं: मुलगा गेमिंग राउटर मागतो, कोणता घेऊ?

गडचिरोलीत आमच्या घरी पुतण्या रोज संध्याकाळी बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिंगचा हिरवा आकडा चाळिसाच्या आसपास असतो. एकदा मी लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवायला लावले आणि आतल्या खोलीतून हाक आली, "काकाजी, फोटो बंद करा ना!" जाऊन पाहिलं, तर आकडा लाल, ४००च्या वर. फोटो थांबवले आणि दोन-तीन सेकंदांत तो परत ४०वर आला. प्लॅन तोच, राउटरचा डबा तोच.

पिंग म्हणजे आपल्या डेटाचं पाकीट गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत आहे आणि तिथपर्यंतची तार हजार किलोमीटरची आहे असं धरलं, तरी जाऊन यायला १० मिलिसेकंद हवेतच. तार सरळ जात नाही, वाटेत यंत्रंही लागतात, म्हणून आकडा आणखी वाढतो. हा घराबाहेरचा वेळ कोणताही राउटर कमी करू शकत नाही. आठ अँटेना आणि रंगीत दिवे तर नाहीच नाही.

राउटरच्या हातात आहे ती घरातली रांग. अपलोडची वाट अरुंद असते. फोटोंची हजारो पाकिटं तिथे उभी राहतात आणि गेमचं एवढंसं पाकीट त्यांच्या मागे अडकतं. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये कोडेल नावाची रीत मांडली: पाकीट रांगेत किती वेळ थांबलं ते पाहायचं, आणि रांग ओसरत नसेल तर काही पाकिटं टाकून पाठवणाऱ्याला वेग कमी करायला लावायचा. त्यातूनच पुढे एफक्यू-कोडेल आणि केक या रीती आल्या. दुकानात विचारायचा पहिला प्रश्न हाच: यात एसक्यूएम, म्हणजे अशा रीतीने रांग सांभाळायची सोय, आहे का? नुसतं 'क्यूओएस' लिहिलेलं पुरत नाही, प्रत्येक कंपनीचं क्यूओएस निराळं असतं. एसक्यूएममध्ये वेगाची मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी, ८५-९० टक्क्यांवर ठेवायची, म्हणजे रांग आपल्या डब्यात राहते आणि आपल्याला सांभाळता येते. आम्ही हे केलं. आता फोटो चढत असतानाही आकडा साठीच्या आत राहतो.

मोबाइलवर खेळणाऱ्यासाठी ५ गिगाहर्ट्झचा बँड हवाच. २.४च्या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि शेजारपाजारचे सगळे त्यातच. पण ५ गिगाहर्ट्झ भिंतीला लवकर हार मानतो. जुन्या घराच्या जाड मातीच्या भिंती असतील, तर महागडा राउटर घेण्याऐवजी मधल्या खोलीत दारावर डबा टांगा. खेळ कॉम्प्युटरवर असेल तर सरळ लॅनची तार लावा. तिच्या तोडीचं वायफाय मी अजून पाहिलेलं नाही.

आता आपल्याकडची खरी अडचण. पावसाळ्यात वीज जाते, आणि ती दोन मिनिटांसाठी गेली तरी राउटर पुन्हा उभा राहीपर्यंत सामना संपलेला असतो. म्हणून १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा राउटर निवडा, त्याला छोटा यूपीएस सहज जोडता येतो. फायबरच्या डब्यालाही तोच आधार द्या. एकालाच दिला तर उपयोग नाही. यूपीएसचे अँपियर दोन्ही अडॅप्टरवरचे आकडे वाचून ठरवा. विजा चमकायला लागल्या की मात्र खेळ थांबवून प्लग काढा. काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण विजेच्या आणि तांब्याच्या तारेतून येते.

भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. अशा वेळी फायबर तुटली तर जोडणारा माणूस पूर ओसरल्यावरच पोचणार. तिकडच्या घरांनी सिमची सोय असलेला किंवा यूएसबी डोंगल घेणारा राउटर बघावा. फायबर गेली की तो आपोआप मोबाइलच्या नेटवर जातो का, हे दुकानात विचारून घ्या. आधी कोणत्या कंपनीची रेंज घरात मिळते ते पाहून सिम घ्या.

पैसे खर्च करण्याआधी आज रात्री एवढं करा. एका मोबाइलवर गेम उघडून पिंग पाहा, दुसऱ्यावरून मोठा व्हिडिओ चढवा, आणि आकडा लिहून ठेवा. मग कोणी काहीही चढवत नसताना, राउटरच्या शेजारी बसून तोच आकडा पुन्हा पाहा. तेव्हाही तो वाढलेलाच असेल, तर दुखणं बहुधा बाहेरच्या लाइनचं आहे आणि नवा राउटर घेऊन ते जाणार नाही. पुढच्या भागात अर्थिंग.