गारगोटी वाहते तेव्हा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पाया खणायला ब्रेकर लावला, की लागतो तो काळा कातळ. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसॉल्ट. गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, त्यात जवळपास नाहीच. दिसलीच तर जुन्या वायूच्या पोकळ्यांत, मागाहून झिरपलेल्या पाण्याने साठवलेली.

दख्खनच्या या कातळाची बैठक मात्र वेगळी आहे; ती कोयनेला दिसली. 11 डिसेंबर 1967 रोजी तिथे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. तिथले भूकंप समजून घेण्यासाठी पुढे गोठणे येथे 3 किलोमीटर खोल विवर खणले गेले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपल्यावर ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म (नाइस) लागले. दोन्ही खडकांत गारगोटी भरपूर.

एवढ्या खोलीवर हा खडक ठिसूळच असतो. ताण असह्य झाला की तडकतो. तापमान 300 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की गारगोटीची चाल बदलते. ती वितळत नाही, तरी वाहू लागते. स्फटिकातल्या अणूंच्या रांगांत दोष असतात. ताणाखाली ते सरकतात: एक बंध सुटतो, पुढचा जुळतो. वागळे इस्टेटच्या फोर्जिंग शॉपमध्ये लालबुंद पोलाद न वितळता घणाखाली आकार घेते, तेही अशाच दोषांच्या जोरावर.

उष्णतेला पाण्याची साथ लागते. 1965 मध्ये डेव्हिड ग्रिग्ज आणि जेम्स ब्लॅसिक यांनी दाखवले, की पाण्याचा अंश असलेले क्वार्ट्झ कोरड्यापेक्षा कितीतरी कमी ताणाला वाकते. सिलिकॉन-ऑक्सिजनचा चिवट बंध पाणी सैल करते.

उरतो तो वेळ. भूगर्भातल्या नेहमीच्या एका वेगाने मीटरभर दगड सेंटीमीटरभर ताणायला सुमारे 30 हजार वर्षे लागतात. प्रयोगशाळेला एवढी सवड कुठली? तिथे तापमान वाढवून काम उरकावे लागते आणि मिळालेले आकडे निसर्गाच्या संथ चालीला बेताने लावावे लागतात.

या प्रवाहाचा पुरावा जुन्या, झिजून उघड्या पडलेल्या पट्ट्यांत सापडतो. सातपुड्यातल्या गाविलगड-तान पट्ट्यात मायलोनाइट नावाचा खडक आहे. हे नाव चार्ल्स लॅपवर्थ यांनी 1885 मध्ये स्कॉटलंडमधल्या खडकांवरून दिले. अशा खडकाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की गारगोटीच्या लांबट फिती दिसतात. त्या फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाच्या दाण्यांना वळसा घालून जातात. फेल्डस्पारला वाहायला सुमारे 450 अंश लागतात, म्हणून गारगोटी ताणली जात असताना तो तडकलेला असतो.

भूकंपशास्त्राला याचा थेट उपयोग आहे. गारगोटी वाहू लागते त्या खोलीच्या आसपास कवचातले बहुतेक भूकंप थांबतात. साधारण भूभागात ही सीमा 10 ते 15 किलोमीटरवर असते. दख्खनसारख्या जुन्या, थंड कवचात ती आणखी खाली जाते. वरचा ठिसूळ थर जितका जाड, तितकी तडकू शकणारी भेग मोठी. त्यामुळे एखाद्या भ्रंशावर जास्तीत जास्त केवढा भूकंप होऊ शकतो, याचा अंदाज बांधताना त्याच्या लांबीइतकीच ही खोलीही हिशेबात धरावी लागते.