लहान रिव्हॉल्वर आणि मोठं काडतूस : निवड कशी करायची?

मागच्या भागात रिव्हॉल्वरची रचना आपण पाहिली. त्यानंतर सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न असा होता: “अंगावर बाळगायला लहान रिव्हॉल्वर घ्यायचं, तर कॅलिबर कोणतं घ्यावं? आणि गोळ्या कोणत्या?” आज फक्त या एका प्रश्नाबद्दल बोलू.

सुरुवात आपल्याकडच्या एका उदाहरणाने करतो. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या शस्त्रनिर्माणीने ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्वर बाजारात आणलं. .३२ कॅलिबर, सहा गोळ्या, वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या घरात. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतरचा तो काळ होता आणि हे शस्त्र खास स्त्रियांसाठी म्हणून पुढे आणलं गेलं. त्यावर टीका बरीच झाली. किंमत फार, परवाना मिळणं अवघड, हे मुद्दे रास्तच होते. पण जाणकार म्हणवणाऱ्यांचा आणखी एक आक्षेप होता: “.३२ म्हणजे अगदीच किरकोळ. काहीतरी दमदार द्यायला हवं होतं.”

हा आक्षेप नीट तपासायला हवा. कारण दमदार म्हणजे चांगलं, हे समीकरण लहान रिव्हॉल्वरच्या बाबतीत बऱ्याचदा चुकतं.

आधी शब्द समजून घेऊ. कॅलिबर म्हणजे ढोबळ मानाने नळीचा, म्हणजेच गोळीचा व्यास, इंचात. आपल्याकडे परवान्यावर ‘बोअर’ लिहितात. .३२ ची गोळी साधारण ७.९ मिलिमीटर जाडीची. .३८ स्पेशलची साधारण ९.१ मिलिमीटर. म्हणजे नावातला .३८ हा आकडा खरा नाही, प्रत्यक्ष व्यास .३५७ इंच आहे. म्हणून तर .३५७ मॅग्नम आणि .३८ स्पेशल यांची गोळी एकाच जाडीची. मग फरक कशात? मॅग्नमची पुंगळी सुमारे ३ मिलिमीटर लांब ठेवली आहे, आणि ती मुद्दाम. .३८ च्या रिव्हॉल्वरमध्ये ती चुकूनही पूर्ण बसू नये, कारण तिच्यातला दाब त्या जुन्या रिव्हॉल्वरांना झेपला नसता. उलट मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशल खुशाल चालतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता, भारतात या निवडीला कायद्याची चौकट आहे. ९ मिलिमीटर, .३८, .४५५ ही पोलीस आणि लष्कराची कॅलिबरं सर्वसाधारण नागरिकाला मिळत नाहीत. त्यामुळे रिव्हॉल्वर म्हटलं की आपल्याकडे बहुतेकदा .३२ च समोर येतं. निवडीचा खरा अनुभव बघायचा तर जिथे सगळंच मिळतं त्या देशात, अमेरिकेत जावं लागेल.

तिथे १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने ‘चीफ्स स्पेशल’ आणलं. पोलाद, दोन इंचाच्या आसपास नळी, .३८ स्पेशलच्या पाच गोळ्या, वजन साधारण ५५० ग्रॅम. पुढे त्याच आकाराची ॲल्युमिनियमची आवृत्ती आली, ती सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. मग टायटॅनियम आणि स्कँडियमचे मिश्रधातू वापरून साडेतीनशे ग्रॅमपेक्षाही हलकं रिव्हॉल्वर बनलं आणि त्यात चक्क .३५७ मॅग्नम बसवलं गेलं. कागदावर हे स्वप्नवत वाटतं: खिशात वजन नाही आणि हाती मॅग्नमची ताकद!

आता शाळेतलं भौतिकशास्त्र आठवा. गोळी जितक्या संवेगाने पुढे जाते, तितक्याच संवेगाने रिव्हॉल्वर मागे येतं. वस्तुमान गुणिले वेग. जळालेल्या दारूचा वायूही थोडी भर घालतो, तो आपण सोडून देऊ. ढोबळ आकडे घेऊन हिशेब करू.

पहिलं उदाहरण: .३२ ची ९८ ग्रेनची गोळी. ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, तेव्हा ही झाली ६.३५ ग्रॅम. आखूड नळीतून वेग सेकंदाला २१० मीटर धरू. ५०० ग्रॅमचं रिव्हॉल्वर हातात सुमारे १.८ ज्यूल ऊर्जेने मागे येईल.

दुसरं: .३८ स्पेशल, १५८ ग्रेन, वेग २२०. ५५० ग्रॅमच्या पोलादी रिव्हॉल्वरमध्ये धक्का ४.६ ज्यूल. तेच काडतूस सव्वाचारशे ग्रॅमच्या रिव्हॉल्वरमध्ये घातलं की ६ ज्यूल. गोळी तीच, वेग तोच, फक्त वजन कमी केलं.

तिसरं: .३५७ मॅग्नम, तीच १५८ ग्रेनची गोळी, वेग ३२०, रिव्हॉल्वर ३४० ग्रॅम. धक्का १५.८ ज्यूल.

आता पहिलं आणि तिसरं शेजारी ठेवा. गोळीची ऊर्जा १४० ज्यूलवरून ५२० वर गेली, म्हणजे पावणेचार पट. हाताला बसणारा धक्का मात्र जवळजवळ नऊ पट. आजच्या व्याख्यानातलं एकच काही घरी न्यायचं असेल तर हे न्या. काडतूस मोठं करत गेलात आणि शस्त्र हलकं करत गेलात, तर मिळकत वाढते त्यापेक्षा किंमत फार वेगाने वाढते, आणि ती किंमत तुमचा हात भरतो.

भरतो म्हणजे नेमकं काय होतं? पहिली गोळी सुटल्यावर नळी वर उडते, पकड निसटते, ती परत जमवेपर्यंत वेळ जातो. आखूड नळीतून मॅग्नमची आग आणि आवाज इतका असतो की डोळे आपोआप मिटतात. त्याहून वाईट म्हणजे दोन-तीन वेळा हात दुखल्यावर माणूस सराव करायचा थांबतो. चाप ओढायच्या आधीच दचकतो. आणि दचकलेल्या हाताचा नेम चुकतो. चुकलेली गोळी कितीही दमदार असली तरी ती कुठेतरी जाणारच. शेजारच्या भिंतीत, नाहीतर रस्त्यावरच्या माणसात.

म्हणून तिथले अनेक अनुभवी लोक मॅग्नमचं हलकं रिव्हॉल्वर घेतात आणि त्यात .३८ स्पेशल भरतात. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते हे.

आता गोळीच्या आकाराकडे येऊ. पोकळ टोकाची गोळी आत गेल्यावर फुलावी अशी रचना असते. पण फुलायला वेग लागतो, आणि दोन इंची नळीत दारूला पूर्ण ढकलायला जागाच मिळत नाही. त्यामुळे चार इंची नळीत छान फुलणारी गोळी लहान रिव्हॉल्वरमधून न फुलताच जाऊ शकते. उलट, वेगवान हलकी गोळी फुलली तर फार वरवर थांबू शकते. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर एफबीआयने गोळ्या तपासण्याची पद्धतच बदलली. जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ इंच आणि शक्यतो १८ इंचांच्या आत, ही मोजपट्टी तिथून रूढ झाली.

यातून एक जुनी गोष्ट पुन्हा वर आली: ‘वॅडकटर’. सपाट तोंडाची शिशाची गोळी, मूळची नेमबाजीच्या कागदावर स्वच्छ गोल भोक पाडण्यासाठीची. तिला फुलायची गरजच नाही. धक्का सौम्य, नेम उत्तम. तोटा एवढाच की बोथट तोंडामुळे घाईत भरायला ती त्रासदायक. .३२ मध्येही ती मिळते. आंतरराष्ट्रीय २५ मीटर सेंटरफायर स्पर्धेत .३२ वॅडकटर वर्षानुवर्षं वापरली जाते. काडतूस मुळात किती अचूक आहे याचा हा चांगला पुरावा.

मग .२२ का नको? धक्का तर जवळजवळ नाहीच. आपल्याकडे ‘निडर’ हे .२२ चं २५० ग्रॅमचं रिव्हॉल्वर आलंच होतं. अडचण अशी की .२२ मध्ये ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेत फिरवलेला असतो आणि तो एखाद्या ठिकाणी कमी पडू शकतो. गोळी न उडण्याची शक्यता मधोमध प्रायमर असलेल्या काडतुसापेक्षा जास्त. रिव्हॉल्वरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढची गोळी समोर येते, हा दिलासा आहे. ज्यांच्या हातात .३२ सुद्धा टिकत नाही त्यांच्यासाठी .२२ हा विचार करण्यासारखा पर्याय. इतरांसाठी सरावाचा.

दोन व्यावहारिक गोष्टी. पहिली, लहान रिव्हॉल्वरची माशी पक्की बसवलेली असते, हलवता येत नाही. जड आणि हलकी गोळी एकाच ठिकाणी लागत नाही; जड गोळी साधारणपणे वर लागते, कारण ती नळीत जास्त वेळ असते आणि तोवर नळी उचलली जाते. म्हणून काडतूस बदललं की नेम पुन्हा तपासायचा. दुसरी, फार हलक्या शस्त्रात धक्क्याने न उडालेल्या काडतुसांतली गोळी पुंगळीतून पुढे सरकू शकते. मग सिलिंडर अडतो. चार उडवून पाचवं काडतूस काढून बघा, जागचं हललंय का.

आणि आपल्या हवेचं काय? कोकणात, मुंबईत पावसाळ्यात काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात ठेवू नका, पितळेवर हिरवा गंज चढतो. तेलाचा हातही लावू नका, तेल प्रायमरपर्यंत झिरपू शकतं. कोरडी, बंद डबी बरी. पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं दिसली तर तो आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा माल. १८६९ पासूनचा कारखाना आहे तो.

आता ‘निर्भीक’कडे परत. .३२ हा कमीपणा नव्हता. अर्ध्या किलोच्या शस्त्राला साजेसं ते काडतूस होतं. नवख्या माणसाला, त्यातही लहान हाताच्या बाईला, “हे घे, सगळ्यांत हलकं आणि सगळ्यांत जोरदार” असं सांगणं हाच खरा अन्याय. जे शस्त्र हाताळायला सर्वांत अवघड, तेच आपण सर्वांत कमी अनुभव असलेल्याच्या हातात देतो.

शेवटी एक कसोटी सांगतो. परवानगी असलेल्या रेंजवर, जाणत्याच्या देखरेखीखाली आणि कानांवर संरक्षण लावून, सात मीटरवर जेवणाच्या ताटाएवढा कागद लावा. पाच गोळ्या, रेंगाळायचं नाही. पाचही ताटात पडल्या आणि सहावी झाडायची तुमची तयारी असेल, तर ते काडतूस तुमचं. नसेल, तर एक पायरी खाली या. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेने कलम ३४ ते ४४ मध्ये दिला आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा जाब झाडणाऱ्यालाच द्यावा लागतो.

घरात मुलं असतील, कुलूपबंद जागा नसेल, सरावाला वेळ नसेल, तर कॅलिबरचा प्रश्न बाजूलाच ठेवा. अशा घरात शस्त्र नसणं हीच योग्य निवड.