तान्ह्या बाळाचा हिशेब

घरात तान्हे मूल आले की पहिल्या आठवड्यातच एक वाद सुरू होतो. बाळ रडते. बाळंतीण त्याला जवळ घेते, ते पिते, झोपते आणि तासाभराने पुन्हा रडू लागते. मग माजघरातून आवाज येतो, "दूध पुरत नाही गं तुझं. वरचं सुरू करा." बाळाचा बाप आजकालचा, तो मोबाइल पुढे करतो. बाळ किती वाजता प्यायले, किती मिनिटे प्यायले, किती लंगोट भिजले, किती वेळ झोपले, हे सारे टिपून ठेवायची त्यात सोय असते. आणि पणजी कोपऱ्यातून म्हणते, "लेकराचं पिणं मोजू नये, दृष्ट लागते." आता या तिघांत खरे कोणाचे?

माझे उत्तर आधीच सांगून टाकते. नोंद ठेवावी, पण थोडी ठेवावी, थोडे दिवस ठेवावी आणि ज्याचा उपयोग आहे तेवढेच मोजावे. पणजीबाईंचाही मान राहील, कारण मुख्यतः मोजायचे आहेत ते भिजलेले लंगोट. त्यांना कोणाची दृष्ट लागल्याचे ऐकिवात नाही.

लंगोटच का, ते पाहा. गवळ्याच्या मापावर खुणा असतात, आईच्या अंगावर नसतात. बाळ वीस मिनिटे छातीशी राहिले म्हणजे वीस मिनिटांचे दूध पोटात गेले असे होत नाही. एखादे बाळ दहा मिनिटांत पोट भरून मोकळे होते, एखादे अर्धा तास नुसते चोखत पडते. म्हणून मिनिटे लिहिण्याचे काही कारण नाही. पण जे पोटात गेले त्याचा काही भाग बाहेर येतोच, आणि तो डोळ्यांना दिसतो.

पहिल्या दिवशी एखादी शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असे वाढत वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा लंगोट चांगले ओले झाले पाहिजेत. शूचा रंग फिकट हवा. पहिल्या एक-दोन दिवसांत लंगोटावर विटकरीसारखा डाग दिसला तर घाबरू नये. पण चौथ्या दिवसानंतरही तो दिसत राहिला, तर बाळाला दूध कमी पडते आहे असे समजावे आणि आशाताईंना किंवा नर्सबाईंना बोलवावे. शीचेही तसेच. पहिली शी काळी, डांबरासारखी चिकट असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती हिरवट होते आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास पिवळी, पातळसर, आत बारीक दाणे असलेली. हा काळ्याचा पिवळा रंग होणे म्हणजे दूध आतून फिरले याची खूण. पाचव्या दिवशीही शी काळीच असेल तर वाट पाहत बसू नये. दीड महिन्यानंतर मात्र निव्वळ अंगावर पिणारे बाळ कधी कधी चार-चार दिवस शी करीत नाही. शी मऊ असेल, पोट फुगलेले नसेल आणि बाळ नीट पीत असेल, तर त्यासाठी एरंडेल पाजण्याच्या भानगडीत पडू नये.

आता हे लिहायचे कसे? बहुतेक घरांत भिंतीवर कालनिर्णय असते आणि त्याच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहिलेला असतो. त्याच चौकटीत पाजण्याची एक रेघ, ओल्या लंगोटाचे एक टिंब आणि शीची एक फुली, एवढे पुरे. पहिल्या आठवड्यांत दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणे होते. रेघा आठापेक्षा कमी भरल्या तर बाळाला जागे करून पाजावे. ज्या आजीला लिहिता येत नाही, तिने दोन वाट्या घ्याव्यात. लंगोट बदलला की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजावे आणि पुन्हा पहिल्यापासून. मोबाइलवर नोंद करणाऱ्यांनी तिथे करावी, त्याला माझी ना नाही. पण रात्री दोन वाजता तो उजेड डोळ्यांवर घेतला की बाळंतिणीची उरलीसुरली झोपही जाते.

हा हिशेब दोन ठिकाणी फसतो. बाजारात मिळणारे डायपर ओल आत शोषून घेतात आणि वरून कोरडे राहतात. शू झाली की नाही हे हाताला कळतच नाही. तेव्हा निदान पहिले दोन आठवडे जुन्या मऊ सुती कापडाचे लंगोट वापरावेत. दुसरी फसगत जास्त वाईट. बाळाला मधूनमधून पाणी, साखरपाणी, घुटी देत राहिले तर लंगोट सहा काय, आठही भिजतील. पण ते पाण्याने भिजलेले असतात. पोट पाण्याने भरले की बाळ दूध कमी ओढते आणि नोंद मात्र सारे ठीक असल्याचे सांगते. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही लागत नाही, अगदी वैशाखातही नाही. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये. त्यातून क्वचित एक घातक विषबाधा होते.

मग "दूध पुरत नाही" या बोलण्याचे काय? लंगोट पुरेसे भिजत असतील आणि वजन चढत असेल तर दूध पुरते आहे, मग बाळ संध्याकाळी कितीही किरकिर करो. थोड्या आठवड्यांनी स्तन मऊ लागतात, बाळ घडीघडी मागते, हाताने पिळले तर चारच थेंब येतात; यातली एकही खूण दूध आटल्याची नव्हे. पण तसे मानून बाटली सुरू केली की खरोखरच दूध आटू लागते. कारण दूध हे मागणीवर तयार होते. बाळ जितके ओढील तितके नवे उतरते. बाटलीने पोट भरले की ओढणे कमी, आणि ओढणे कमी की उतरणे कमी. पंधरवड्याने सासूबाई म्हणतात, "बघ, मी सांगितलं होतं." त्यांचे म्हणणे खरे होते, पण ते त्यांच्याच उपायाने खरे झालेले असते. भिंतीवरची ती टिंबे सुनेच्या बाजूने बोलतात. मला त्यांचे मोल वाटते ते मुख्यतः यासाठी. आणि टिंबे खरोखरच कमी असतील, तर सासूबाईंचे ऐकून लगेच कोणाला तरी दाखवायला हवे, हेही तीच सांगतात. त्यावेळी बाळ छातीला नीट लागते की नाही हे जाणकाराने पाहावे. पुष्कळदा अडचण तेवढीच असते.

घड्याळाची गोष्ट यावरून आठवली. न्यूझीलंडमध्ये डॉ. ट्रुबी किंग यांनी १९०७ साली प्लंकेट सोसायटी नावाची संस्था काढली. स्वच्छता, मोकळी हवा, आईचे दूध यांचा त्यांनी मोठा पुरस्कार केला. पण त्याबरोबर शिस्तही लावली: बाळाला चार-चार तासांनी घड्याळ पाहून पाजायचे आणि रात्री पाजायचेच नाही. ही पद्धत इंग्रजी मुलखात फार पसरली. वर सांगितलेला मागणीचा नियम लक्षात घेतला तर तिच्यातली खोट कळते. दूध उतरविणारा अंतःस्राव तर रात्रीच अधिक असतो. पुढे १९४६ साली अमेरिकेत डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे पुस्तक निघाले आणि आईने आपल्या समजुतीवर भरवसा ठेवावा असा वारा वाहू लागला. आपल्याकडची आई रडले की घेतच होती, तिला हे नवे नव्हते. सांगायचे एवढेच की, नोंद म्हणजे वेळापत्रक नव्हे. बाळ भुकेले आहे आणि "अजून वीस मिनिटं आहेत" म्हणून कोणी घड्याळाकडे बघत असेल, तर ती वही चुलीत घालावी.

नोंदीने जीव वाचतो का, हेही पाहू. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत थोड्या शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या घरोघर जाऊन नवजात बाळाचे वजन करीत, पिणे पाहत, श्वास मोजत आणि सारे लिहून ठेवत. बाळ आजारी दिसले तर उपचारही करीत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणे, शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा इथे नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या लिहिण्याने ते झाले नाही, हे खरे. पण बिघाड लवकर दिसला आणि हाताशी इलाज होता, म्हणून झाले. ज्या दाईंना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांची एक चौकट केली होती: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. आपले चिंचोके त्याच घराण्यातले.

याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी; घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. त्यांच्याजवळ झोळीचा काटा असतो. जन्मानंतर बाळाचे वजन थोडे उतरते. तीन किलोच्या बाळाचे दोनशे-तीनशे ग्रॅम उतरले तरी बिघडले नाही. दोन आठवड्यांच्या आत ते भरून यायला हवे, आणि पुढे दिवसाला वीस-तीस ग्रॅम वाढ. वजन जन्माच्या आकड्यावर आले आणि चढू लागले की टिंबे-फुल्यांचे काम संपले. पुढची नोंद माता व बाल संरक्षण कार्डावर, अंगणवाडीत दर महिन्याला. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी ते कार्ड गाठोड्यात सर्वांत वर ठेवावे.

झोपेची नोंद ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नवे बाळ दिवसरात्र मिळून चौदा ते सतरा तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी, आणि ते तुकडे जोडायला आईजवळ वेळ नसतो. फक्त पाजल्यापासून चार तास झाले तरी बाळ उठत नाही, एवढ्यावर पहिल्या आठवड्यांत लक्ष असू द्यावे.

जन्मवेळी अडीच किलोच्या खाली भरलेले, दिवस भरण्याआधी जन्मलेले, कावीळ झालेले, वाटी-चमच्याने पिणारे, अशा बाळांची नोंद अधिक काटेकोर आणि अधिक दिवस ठेवावी लागते. दवाखान्यातून सांगतील तशी. जुळे असेल तर अर्धवट झोपेत एकच दोनदा पाजले जाते, म्हणून एकाच्या मनगटाला सैल दोरा आणि कागदावर दोन रकाने.

काही आयांना मात्र हीच वही छळते. एक टिंब कमी पडले की रडू फुटते, बाळ झोपले तरी डोळा लागत नाही, मन सारखे खाली खाली जाते. असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर तो आजार असतो आणि त्याला उपचार आहेत. वही नवऱ्याच्या हातात द्यावी आणि आईला डॉक्टरांकडे न्यावे.

बाळ दूध ओढीनासे झाले, मलूल पडले, अंग तापले किंवा गार लागले, मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास घेऊ लागले, झटके आले किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर वही भरीत बसू नये. १०८ किंवा १०२ क्रमांकाला फोन करावा. निघताना तो कागद बरोबर घ्यावा, कारण डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील: शेवटचे प्यायले कधी, आणि शेवटची शू कधी झाली?